बारीकताईचा ट्रक

तिला सगळे बारीकताई म्हणायचे आणि नव्या माणसाला ते नाव ऐकून हसू यायचं, कारण ताई अंगाने चांगली भरलेली होती. लॅबचा जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून दम खायची आणि वर आल्यावर, जणू थांबलीच नव्हती अशा थाटात पर्स खुंटीला अडकवायची. नाव पडलं होतं ते कामावरून. दातांच्या लॅबमध्ये ती सव्वीस वर्षं कॅपा आणि कवळ्या बनवत होती. डॉक्टरकडून आलेल्या मापात केसाएवढी खोट दिसली तरी ती माप परत पाठवायची आणि फोनवर डॉक्टरला सुनवायची, "बारीक बघा जरा, डॉक्टर. तोंड तुमचं नाही, पेशंटचं आहे."

लग्न तिने केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारणारी माणसं एकेक करून थकली होती. दोन खोल्यांतली एक राहायची आणि दुसरी ट्रकांची.

हे ट्रक म्हणजे लहान मुलांची खेळणी नव्हेत. खऱ्या ट्रकच्या एक दशांश मापाचे, रिमोटवर चालणारे, दगडधोंड्यांतून चिखलातून हळूहळू चढत जाणारे ट्रक. एकदा एक वायरमन लॅबमध्ये आला होता. दात ठीक होते त्याचे. त्याला विचारायचं होतं की, दातांच्या साच्यावर प्लास्टिकचा पातळ पत्रा गरम करून ओढणारं जे मशीन असतं, त्यावर त्याच्या ट्रकची केबिन निघेल का. लॅबचे मालक त्याला वाटेला लावणार तेवढ्यात ताई म्हणाली, "ठेवून जा. बघते." त्या दिवसापासून ती त्या नादाला लागली ती लागलीच. बाकीचे हौशी लोक चासी, म्हणजे चाकांसकटचा खालचा सांगाडा, आणि मोटर विकत आणायचे, बॉडीही तयार आणायचे. ताई बॉडी स्वतः घडवायची. प्लॅस्टरमध्ये केबिन कोरायची, त्यावर पारदर्शक पत्रा ओढून घ्यायची, मग रंग आतून द्यायची. आतून रंगवायचं म्हणजे सगळं उलट्या क्रमाने: आधी वरचा चिखल आणि गंज, मग अक्षरं, मग पट्टे, शेवटी मूळ रंग. एक चूक झाली की बॉडी फेकायची. कवळीच्या गुलाबी मसाल्यातून ती आरशांच्या दांड्या करायची, सुईच्या टोकाने रिव्हेट उठवायची. दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मुरमाड टेकाडावर सात-आठ जण आपापले ट्रक घेऊन जमायचे, त्यात ती एकटी बाई. सुरुवातीला लोक तिला जागा करून द्यायचे, नंतर तिच्याकडून बॉडी करून घ्यायला रांग लावू लागले.

अशी ही बाई. आणि तिचे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, खरा ट्रक चालवायचे. तीस वर्षं. त्यातली शेवटची बारा दगडाच्या खाणीवर.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला भावोजी भरलेला ट्रक घेऊन खाणीचा घाट उतरत होते. शेजारी अण्णा बसले होते. अण्णा वजनकाट्यावर बसायचे. पाळी संपली की भावोजींच्या गाडीतून खाली यायचे. दोघांची बारा वर्षांची सोबत होती. तिसऱ्या वळणावर रस्त्याची दरीकडची कड खचलेली होती. ट्रक तिकडे कलला तो कललाच, दोन कोलांट्या खाऊन खालच्या टप्प्यावर जाऊन पडला. भावोजींची कंबर आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. अण्णा जागच्या जागी गेले.

कंपनीने दुसऱ्याच दिवशी कागद केला: चालकाने वेगावर नियंत्रण ठेवलं नाही. भावोजींना दुसऱ्या वळणापुढचं काहीच आठवत नव्हतं. पहिले काही दिवस ते म्हणायचे, "मी त्या वळणावर गाडी कधीच मोकळी सोडत नाही." मग म्हणायला लागले, "सोडली असेल. माणूस आहे." तिसऱ्या महिन्यात त्यांनी बोलणंच सोडलं. चमचा तोंडापर्यंत नेताना मध्येच थांबायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. अक्का तो चमचा हळूच त्यांच्या हातातून घ्यायची.

चौकशीची तारीख लागली तेव्हा ड्रायव्हरांच्या संघटनेने दिलेली वकीलबाई अक्काच्या घरी आली. हातात फाइल, कपाळाला आठी.

"कंपनीने ट्रक बनवणाऱ्या कारखान्याचं प्रमाणपत्र लावलंय," ती म्हणाली. "पूर्ण भरलेला ट्रक सव्वीस अंश कलला तरी उभा राहतो, असं त्यात आहे. खचलेल्या जागेचा उतार सरकारी माणसांनी मोजला, तो भरला एकवीस. म्हणजे ट्रक नुसत्या उताराने पडला नसता. वेग होता, असा त्यांचा हिशेब."

"पण त्या ट्रकच्या हौद्याला वरून पत्रे लावून भिंती उंच केल्या होत्या ना," अक्का म्हणाली. "जास्त माल बसावा म्हणून. सगळ्यांना माहीत आहे."

"त्यांनी ते नाकारलेलं नाही. त्याने फारसा फरक पडत नाही, एवढंच म्हणतात. आणि फरक पडतो हे दाखवायला माझ्याकडे काही नाही. ट्रकचा सांगाडा त्यांनी भंगारात विकलाय. तो तपासायला मिळावा म्हणून अर्ज केलाय, पण अर्ज टेबलावर पडून आहे."

ताई इतका वेळ दाराशी उभी होती. ती म्हणाली, "मी करते."

"काय करता?"

"तो ट्रक. एक दशांश. चाकांतलं अंतर, हौद्याची उंची, मालाचं वजन, सगळं त्याच प्रमाणात. ट्रक कुठल्या उताराला पडतो हे आकारावर आणि वजन कुठे आहे त्यावर ठरतं. लहान असला तरी तो त्याच उताराला पडणार."

वकीलबाईने तिच्याकडे नीट बघितलं. "एकोणीस दिवस आहेत."

"लॅबमध्ये मला एवढ्या दिवसांत चाळीस कॅपा करायला सांगतात," ताई म्हणाली.

पण घरी येऊन कागद पसरले तेव्हा तिने आधी मांडून ठेवलेल्या जुन्या ट्रकांकडे बघितलं. आजवर केलेल्या सगळ्या बॉड्या नजरेला पटण्यासाठी होत्या. आरसा एक मिलिमीटर पुढे गेला तर काय, चेष्टा करतील, बस. ही बॉडी चुकली तर माणूस जन्मभर मान खाली घालून बसणार होता.

ती पहाटे पाचला उठायची, नऊला लॅबला जायची, संध्याकाळी दोन तास पुन्हा बसायची. चासी तिच्याजवळची सगळ्यात मोठी घेतली, दोन्ही आस कापून चाकांतलं अंतर जुळवलं. स्प्रिंगा बदलल्या. कारखान्याच्या नकाशावरून हौदा पत्र्यात कापला, त्यावर उंच केलेल्या भिंती बसवल्या; त्यांचं माप तिने भावोजींच्या घरातल्या एका फोटोवरून काढलं. काट्याच्या पावत्यांवर रिकाम्या आणि भरलेल्या ट्रकचं वजन होतं, त्याच प्रमाणात खडी तोलून घेतली. केबिन प्लॅस्टरमध्ये कोरली. वायरमनने एक फळी केली, एका कडेला बिजागरी, दुसरीकडे स्क्रू. हँडल फिरवलं की फळी अगदी सावकाश कलायची आणि बाजूच्या काट्यावर अंश दिसायचे.

अकराव्या दिवशी, रविवारी, ट्रक फळीवर चढला. अक्का आली होती. वायरमनने हँडलला हात घातला.

पंधरा. सोळा. सतरा. ट्रक एका अंगावर झुकला, स्प्रिंगा दबल्या. अठरा. एकोणीस. अक्काने पदराचा बोळा तोंडाशी धरला. वीस. एकवीस.

ट्रक उभा होता.

"थांबू का?" वायरमनने विचारलं.

"नको," ताई म्हणाली.

बावीसच्या पुढे वरची चाकं उचलली आणि साडेबावीसला ट्रक आडवा झाला. खडी जमिनीवर पसरली. वायरमन खाली बसून खडी गोळा करू लागला, कारण काहीतरी करायला हवं होतं.

पुन्हा केलं. पुन्हा साडेबावीस. तिसऱ्यांदा बाविसाच्या किंचित वर. भिंती उंच केल्याने ट्रक कमजोर झाला होता हे खरं, पण एकवीस अंशावर तो पडत नव्हता. याचा अर्थ ताईला कळत होता आणि अक्कालाही.

वायरमन गेल्यावर अक्का म्हणाली, "दीड अंशाचाच तर प्रश्न आहे."

"हं."

"केबिनच्या छताला आतून शिसं चिकटवलं तर? तू रंग आतूनच देतेस. कुणाला दिसणार आहे?"

ताईच्या मनात ते आलं नव्हतं असं नव्हे. दुसऱ्यांदा ट्रक पडला तेव्हाच तिने मनातल्या मनात वजन काढलं होतं: दीडशे ग्रॅम. शिशाच्या तेवढ्या पट्ट्या कपाटात होत्या.

"ते मला जमणार नाही, अक्का."

"जमणार नाही की करणार नाहीस?"

"करणार नाही. भावोजींना कळलं तर ते मलाच विचारतील, म्हणजे मी सोडली होती ना गाडी?"

"ते काही विचारण्याच्या स्थितीत आहेत का? तू बघतेस ना त्यांना?" अक्काचा आवाज चिरका झाला. "परक्या माणसांच्या दातांसाठी एवढी मरमर करतेस, आणि सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यासाठी दीडशे ग्रॅम शिसं जड होतंय तुला."

ताईने वजन तोंडाने सांगितलं नव्हतं. म्हणजे अक्कानेही तोच हिशेब केला होता. लहानपणी दोघी एकाच दुकानात वडिलांच्या हाताखाली तोलायला शिकल्या होत्या. अक्का निघून गेली. जाताना दार आपटलं नाही, नुसतं उघडं टाकून गेली, आणि ते जास्त लागलं.

त्यानंतर चार दिवस अक्काचा फोन नाही. ताईने केला तर उचलला नाही. लॅबमध्ये ताईने एक कॅप उलट्या बाजूला करून ठेवली, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मालक काही बोलले नाहीत, तेव्हा तिला कळलं की तिची अवस्था तोंडावर दिसत असणार.

ट्रक पूर्ण करायचा म्हणून ती करत राहिली. केबिनमध्ये ड्रायव्हर हवा. या हौसेतल्या लोकांना रिकामी सीट चालत नाही. तिने कवळीच्या मसाल्यातून भावोजींचा पुतळा केला, त्यांच्या उंचीच्या बरोबर दहाव्या हिश्शाचा. सीटवर बसवण्याआधी पाय सरळच ठेवले होते, गरम करून नंतर वाकवणार होती. पुतळा खाली पडू नये म्हणून तिने तो ट्रकच्या शेजारी, हौद्याला टेकवून उभा केला आणि हात धुवायला गेली.

परत आली तेव्हा दारातच तिचे पाय थबकले. ट्रकशेजारी उभे असलेले भावोजी तिने आधी कुठेतरी पाहिले होते. भिंतीवर, मापासाठी चिकटवलेल्या त्या फोटोत. फोटोत भावोजी असेच हौद्याला टेकून उभे होते, आणि हौद्याच्या तळाला दोरी बांधायचा जो आकडा असतो, तो त्यांच्या खांद्याच्या वर येत होता. इथे तो आकडा पुतळ्याच्या छातीशी होता.

तिने पट्टी घेतली. पुतळा पुन्हा मोजला, ट्रक पुन्हा मोजला. दोन्ही बरोबर. फोटो खालून काढला असेल? पण मग केबिनच्या दाराची कडीही वर सरकायला हवी होती, आणि ती जागच्या जागी होती. फरक नुसत्या हौद्यात होता. दोन सेंटिमीटरांहून जास्त. म्हणजे खऱ्या ट्रकमध्ये वीतभर.

हौदा कारखान्याच्या नकाशापेक्षा वीतभर उंच होता. कुणीतरी तो उचलून खाली काहीतरी घातलं होतं, आणि चाकांच्या वर, जिथे ते दिसलं असतं, तिथे फोटोत पत्र्याची एक पट्टी होती. ती पट्टी ताईने स्वतःच्या हाताने हुबेहूब केली होती, रिव्हेटसकट. ती कशासाठी आहे, हे तिला विचारावंसं वाटलं नव्हतं.

तिने वकीलबाईला फोन लावला. वकीलबाईने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "फोटोवरून ते म्हणतील कॅमेऱ्याचा कोन. सांगाड्यावर दिसायला हवं. आणि भंगारवाला म्हणे आज तो कापायला घेतोय."

"आज कधी?"

"ते मला माहीत नाही."

लॅबमध्ये ताईने मालकांना सांगितलं, "मला आत्ता जायचंय." कपाटातून माप घेण्याच्या पुट्टीचे दोन डबे उचलले. दातांचा ठसा घेताना डॉक्टर पेशंटच्या तोंडात जी दाबतात, ती पुट्टी. का उचलले, हे तिला रिक्षात बसल्यावर कळलं.

भंगाराच्या आवारात सांगाडा एका कुशीवर पडला होता. केबिनचा चेंदामेंदा, हौदा आधीच कापून नेलेला. नुसती चासी उरली होती आणि तिच्या टोकाशी गॅस कटर पेटवून एक माणूस बसला होता.

"बाई, इथे यायचं नाही," तो म्हणाला.

"दहा मिनिटं द्या. या ट्रकचे ड्रायव्हर माझे भावोजी."

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "वाचले का ते?"

"वाचले."

त्याने कटरची ज्योत बारीक केली. "फोटो काढायचे नाहीत. मालकांनी बजावलंय, त्या कंपनीच्या मालाचे फोटो कुणाला काढू द्यायचे नाहीत. माझी नोकरी जाईल."

"फोटो नाही काढत. माप घेते."

ती चासीच्या कडेला बसली, गुडघे कुरकुरले. हौदा जिथे टेकायचा तिथे लोखंडी पेट्यांसारखे चौकोनी तुकडे होते, वर काळा रंग एकसारखा मारलेला. नुसत्या नजरेला ते चासीचाच भाग वाटले असते. तिने अंगठ्याने रंग चाचपला. अंगठ्याला सांधा लागला, वेल्डिंगची उंचसखल रेघ, घाईने केलेली. सव्वीस वर्षं ज्या बोटांनी दात आणि हिरडीमधली फट शोधली होती, त्यांना ही रेघ म्हणजे खड्डेखुड्डे असलेला रस्ता होता.

माप कुठलं घ्यायचं? पुट्टी दोनच डबे होती. अशा पेट्या कुठल्याही ट्रकच्या असू शकतात, असं ते म्हणणार. तिने चासीच्या कडेने बोट फिरवत नेलं आणि तिसऱ्या पेटीपासून हातभर अंतरावर तिला ते सापडलं: लोखंडात ठोकलेला चासीचा नंबर. दोन्ही एकाच मापात यायला हवे होते. मध्ये पट्टा जोडला तर पुट्टी जेमतेम पुरणार होती.

तिने डब्यांतलं पांढरं आणि निळं एकत्र मळलं, लांब वळी केली आणि दाबून बसवली. एरवी चार मिनिटांत ती घट्ट होते, पण तेव्हा पेशंटच्या तोंडाची ऊब असते. इथे लोखंड गार पडलं होतं. दोन्ही तळहात पुट्टीवर पसरून ती ओणवी बसून राहिली. हात हलला तर रेघ पुसली जाणार होती.

आवाराच्या दुसऱ्या टोकाला एक गाडी येऊन थांबली. कटरवाल्याने मान वळवली.

"मालक आले. उठा, बाई."

"दोन मिनिटं."

"उठा म्हणतो ना."

"दादा, आत्ता उठले तर काही उरणार नाही," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. तिच्या मांडीला मुंग्या आल्या होत्या, कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

तो उठला. ताईला वाटलं, आता दंडाला धरून उठवणार. पण तो तिच्या आणि गाडीच्या मध्ये येऊन उभा राहिला, कटरची ज्योत मोठी केली आणि चासीच्या दुसऱ्या टोकाला लावली. ठिणग्यांचा पंखा उडाला. त्या बाजूला कुणी बघू शकत नव्हतं. मालकांचा आवाज लांबून आला, "अजून झालं नाही का रे?" आणि हा ओरडला, "जवळ येऊ नका, मालक, उडतंय."

नखाने टोकरून ताईने पुट्टी तपासली. नखाचा ठसा उमटत नव्हता, म्हणजे ती घट्ट झाली होती. तिने एका टोकापासून ती हळूहळू सोडवली. मध्ये एका जागी फाटायला आली, तिथे तिने कोन बदलला. अख्खी निघाली. पर्समध्ये, ओढणीत गुंडाळून, ती मागच्या फाटकाने बाहेर पडली. आभार मानायला तोंड उघडलं तर कटरवाल्याने मान हलवली, जा म्हणून.

त्याच दुपारी लॅबमध्ये तिने त्यात प्लॅस्टर ओतलं. पाऊण तासाने साचा उघडला तेव्हा मालकही शेजारी येऊन उभे राहिले. पांढऱ्या प्लॅस्टरवर पेटीची कड होती, वेल्डिंगची ओबडधोबड रेघ होती आणि पुढे, सुलटे, वाचता येण्यासारखे, नंबराचे शेवटचे पाच आकडे.

"बारीक आलंय," मालक म्हणाले. स्तुती करायची त्यांना सवय नव्हती.

मॉडेलचा हौदा वीतभराच्या दहाव्या हिश्शाने उचलायला तिला एक सकाळ पुरली. तो फळीवर ठेवताना मात्र तिने वायरमनलाही बोलावलं नाही. हँडल स्वतः फिरवलं. ट्रक वीस अंशावर आडवा झाला. चार वेळा केलं, चारही वेळा वीसच्या आसपास. मग तिने चारही आकडे कागदावर लिहिले आणि खुर्चीत बसली.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं, एका टोकाला वयस्क अधिकारी, समोर कंपनीचे वकील आणि एक तरुण इंजिनिअर. भावोजी कुबड्या भिंतीला लावून बसले होते, शेजारी अक्का. अक्काने ताईकडे बघितलं नाही.

खोक्यातून ट्रक निघाला तेव्हा कंपनीचे वकील हसले. "साहेब, आता खेळण्यांची साक्ष घ्यायची का?"

"घेऊ या," अधिकारी म्हणाले. "घरी गेल्यावर मुलांना सांगायला होईल." आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

ताईने आधी हौदा नकाशाप्रमाणे खाली ठेवून दाखवला. साडेबावीस. अक्काची मान झटकन वर आली. ही बाई आपल्याच माणसाच्या विरुद्ध आकडा कशाला दाखवते आहे, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मग ताईने हौद्याखाली छोट्या पेट्या बसवल्या, तीच खडी परत भरली आणि हँडल फिरवू लागली. खोलीत नुसती स्क्रूची कुरकुर. एकोणिसाला वरची चाकं हलकी झाली. विसाला ट्रक टेबलावर आडवा झाला आणि त्या आवाजासरशी भावोजींनी डोळे मिटले.

"या पेट्या कुठून आल्या?" इंजिनिअरने विचारलं. "नकाशात नाहीत."

वकीलबाईने प्लॅस्टरचा तुकडा टेबलावर ठेवला. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून तो डोळ्यांजवळ धरला, मग फाइल उघडून नंबर ताडून बघितला. आकड्याआकड्याला त्यांचं बोट थांबत होतं.

"हे कशावरून घेतलंत?"

"चासीवरून. दाताचं घेतात तसं."

"चासी कुठे आहे आता?"

"कापली, साहेब."

कंपनीचे वकील उठून बोलू लागले, पण अधिकाऱ्यांनी हाताने थांबवलं आणि इंजिनिअरकडे तोंड केलं. "तुम्ही सांगा. या गाडीचा हौदा उचलला होता का?"

तो तरुण माणूस प्लॅस्टरवरच्या रेघेवर वाकला. नंतर म्हणाला, "मागे मोठे टायर घातले तेव्हा ते हौद्याला घासायचे... वर्कशॉपला विचारावं लागेल."

"म्हणजे नाही असं तुम्ही म्हणत नाही."

"नाही, साहेब. तसं म्हणत नाही."

मग त्यांनी भावोजींना विचारलं, वेग किती होता. वकीलबाईने त्यांना शिकवून ठेवलं होतं, ताशी दहाच्या आत म्हणा. भावोजींनी टेबलाची कड धरली. "मला आठवत नाही," ते म्हणाले. "नेहमी दुसऱ्या गिअरमध्ये असतो. त्या दिवशी होतो की नाही, शपथेवर सांगता येणार नाही." वकीलबाईने पेन खाली ठेवलं.

बाहेर व्हरांड्यात अक्का ताईजवळ आली. "तो साडेबावीसचा आकडा कशाला दाखवलास?"

"तो दाखवला म्हणून तर विसाचा धरला त्यांनी."

अक्काने ताईच्या हातातलं खडीचं जड डबडं घेतलं आणि जिना उतरायला लागली. मधल्या पायरीवर ताई दम खायला थांबली, तेव्हा तीही थांबली.

निकाल पाच आठवड्यांनी आला. विनापरवाना हौदा उचलणं आणि रस्त्याची खचलेली कड ही कारणं. वेगाचं सिद्ध झालं नाही. भावोजींचं जप्त झालेलं लायसन परत मिळालं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि ताईला विचारलं, "सिद्ध झालं नाही म्हणजे नव्हता, असं नाही ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही, भावोजी," ती म्हणाली. "तसं नाही."

त्यांनी मान हलवली. उलट त्यांना बरं वाटलेलं दिसलं, कुणीतरी सरळ उत्तर दिलं म्हणून. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "अण्णांच्या घरी जायचंय." अपघातानंतर ते तिकडे गेले नव्हते.

तिघं गेली. अण्णांच्या बायकोने दार उघडलं आणि कुबड्यांकडे बघून आधी खुर्ची पुढे केली. भावोजींनी घरून ठरवून आणलेलं एकही वाक्य त्यांच्या तोंडून निघेना. त्या बाईनेच चहा ठेवला आणि स्वयंपाकघरातून बोलू लागली.

"हे म्हणायचे, टायर बदलल्यापासून ती गाडी डुलते. वर्कशॉपमध्ये दोनदा सांगून आले होते. कुणी लिहून घेतलं नाही." कप समोर ठेवत ती म्हणाली, "मी म्हटलं, मग बसता कशाला त्या गाडीत, दुसऱ्या कुणाच्या या. तर म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या गाडीत मला डोळा लागत नाही."

भावोजींनी कप उचलला. तो तोंडाला न लावताच त्यांनी खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चार महिन्यांत ते पहिल्यांदा रडले. कुणी त्यांना थांबवलं नाही. चहा निवला, तेव्हा अण्णांच्या बायकोने तो आत नेऊन पुन्हा गरम करून आणला.